ठणकणारे स्नायू आणि लघवीचा रंग

चंद्रपूर जिल्ह्यातील एका माउलीचे पत्र आले आहे. अक्षर लेकीचे असावे, मजकूर मात्र आईचाच आहे. त्या लिहितात, “पोलीस भरतीची जाहिरात निघणार म्हणून माझा मुलगा गावातल्या पोरांबरोबर पहाटे विहारासमोरच्या पटांगणावर जाऊ लागला. चौथ्या दिवशी पोरांत पैज लागली. त्याने दोनशे बैठका मारल्या आणि वरून पाच किलोमीटर धावला. दुसऱ्या दिवशी त्याला संडासला बसता येईना. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. गावात उष्णता झाली म्हणून सुई दिली. शेवटी सरकारी दवाखान्यात नेले, तिथे सहा दिवस सलाईन लावले. डॉक्टर म्हणाले, स्नायू फुटून किडनीवर आले होते. रक्तात सिकलसेलचा ‘एएस पॅटर्न’ निघाला. व्यायामाने माणूस तगडा होतो असे आम्ही ऐकले. मग व्यायामाने किडनी कशी बिघडते? आणि पोराने आता भरतीचा नाद सोडावा काय?”

प्रश्न एका घरचा नाही. आपल्या वस्त्या-वस्त्यांतून दरवर्षी हजारो मुले-मुली भरतीच्या तयारीला लागतात. म्हणून आजचा सगळा मजकूर स्नायूंसाठी राखला आहे.

हाडांवर बसलेले आणि आपल्या इच्छेने हलणारे स्नायू शरीरात सहाशेहून अधिक आहेत. तरण्या माणसाच्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग यांचाच असतो. मटणाचा तुकडा शिजल्यावर त्याचे लांब धागे सुटतात, ते आपण पाहतोच. आपले स्नायूही तसेच धाग्यांचे आहेत. प्रत्येक धाग्यात आणखी बारीक तंतू, आणि प्रत्येक तंतूत एकापुढे एक लावलेले सूक्ष्म खण. एका मिलिमीटरात असे सुमारे चारशे खण बसतात! प्रत्येक खणात दोन प्रकारच्या प्रथिनांच्या काड्या एकमेकींत सरकतात, खण आखूड होतो, आणि सगळे खण एकदम आखूड झाले की हात उचलला जातो.

आता हे तुटते कसे? आपल्याला वाटते, जास्त वजन उचलले की तुटते. खरे तर उचलण्यापेक्षा खाली ठेवण्यात जास्त तुटते. लेण्याद्रीची लेणी पाहायला गेलेल्यांना हे ठाऊक आहे. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतो आणि त्याच वेळी शरीराच्या भाराने ताणलाही जात असतो. आवळायचे आणि ताणलेही जायचे, या ओढाताणीत दुबळे खण उसवतात. बैठक मारताना खाली बसणे, गोणी पाठीवरून उतरवणे, उसाची मोळी ट्रकवर चढवून शिडीवरून खाली येणे, हे सगळे याच जातीचे काम. १९८१ साली स्वीडनमधील संशोधकांनी माणसांना जिने उतरायला लावले आणि नंतर त्यांच्या पोटरीच्या स्नायूचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निरोगी स्नायूत खणांच्या भिंती रेघ मारल्यासारख्या सरळ दिसतात. या माणसांत त्या जागोजागी विस्कटलेल्या होत्या.

व्यायामशाळेतले उस्ताद अजूनही सांगतात की अंगात ‘लॅक्टिक ॲसिड’ साठले म्हणून अंग दुखते, ते घामावाटे काढून टाका. हा समज आता सोडून द्यावा. धावताना ते तयार होते हे खरे, पण काम थांबल्यावर तासाभरात, फार तर थोडा जास्त वेळ घेऊन, रक्तातून निघूनही जाते. दुखणे मात्र बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि पाच-सात दिवसांत ओसरते. जे पहिल्याच दिवशी निघून गेले, ते तिसऱ्या दिवशी कसे दुखवील? अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच बोटांच्या व्यायामावर प्रयोग करून लिहिले होते की हे दुखणे स्नायूच्या आतील फाटण्याचे असावे. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी जुनी समजूत हटत नाही!

फाटलेल्या स्नायूचे पुढे काय होते हे समजून घेण्यासारखे आहे. धाग्याचे आवरण फाटले की बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि तेथील प्रथिने कापणारी रसायने जागी होतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. पहिली तुकडी मोडतोड झालेला भाग उकरते, दुसरी तो खाऊन जागा साफ करते. सूज आणि ठणका असतो तो याच साफसफाईचा. ही सूज शत्रू नव्हे. तिच्याशिवाय पुढचे बांधकाम सुरू होत नाही.

बांधकाम करणारे गवंडी मात्र निराळेच. १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत धाग्याच्या कडेला चिकटून बसलेल्या काही लहान पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा, म्हणून त्यांनी त्यांना ‘उपग्रह पेशी’ असे नाव दिले. एरवी या झोपलेल्या असतात. स्नायूच्या मूळ धाग्याला स्वतःची वाढ करून भोक बुजवता येत नाही. धागा फाटला की या उपग्रह पेशी जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि फाटक्या धाग्यात मिसळून त्याला जोडतात. काही पेशी पुन्हा झोपी जातात, पुढच्या वेळेसाठी. लहान-सहान फाटणे आठवड्याभरात भरून येते, मोठ्या जखमेला अनेक आठवडे लागतात. नुकसान फारच मोठे असेल आणि रक्तपुरवठाही गेला असेल, तर तेथे स्नायूऐवजी चामट व्रण बसतो आणि त्या व्रणाला आवळता येत नाही.

आणखी एक गंमत आहे. एकदा अशा कामाने दुखलेला स्नायू पुढच्या वेळी तेच काम करताना फारच कमी फाटतो. ही राखण काही आठवडे टिकते. सुगीच्या पहिल्या दिवशी कंबर धरते आणि आठव्या दिवशी धरत नाही, त्याचे कारण हेच. म्हणजे सवयीनेच स्नायू वाचतो. पहिल्या दिवशी वीस बैठका, आठवड्याने चाळीस, असे चढत गेले तर दोनशे बैठकांनीही काही होत नाही. चौथ्याच दिवशी दोनशे मारल्या की पत्रातल्या मुलाचे झाले तसे होते.

आता त्या चहाच्या रंगाच्या लघवीकडे येऊ.

स्नायूचा तांबूस रंग ‘मायोग्लोबिन’ नावाच्या द्रव्याचा. थोडे धागे फुटले तर ते थोडेसे रक्तात येते आणि कुणाला कळतही नाही. एकाच वेळी मांड्यांचे मोठे स्नायू फुटले तर ते लोंढ्याने येते, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि त्या नळ्या बुजतात, खराब होतात. अंगात पाणी कमी असेल तर अधिकच. सोबत दुसरे संकट येते ते पोटॅशियमचे. शरीरातले बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि त्यातला सर्वात मोठा साठा स्नायूंत. स्नायू फुटले की ते रक्तात उतरते आणि फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडवते, थांबवतेही. डॉक्टर याला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. नाव लक्षात नाही राहिले तरी चालेल, तीन खुणा लक्षात ठेवा: नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फार जास्त ठणका किंवा सूज, पाय उचलता न येण्याइतका अशक्तपणा, आणि कोऱ्या चहाच्या किंवा कोकाकोलाच्या रंगाची लघवी. तिन्ही एकत्र येतीलच असे नाही. लघवीचा रंग एकटा बदलला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्या पाहू म्हणू नये.

ही लघवी पुष्कळदा ‘उष्णता’ किंवा ‘कावीळ’ समजली जाते. तपासणीतही एक फसगत होते. पट्टीवर ‘रक्त’ आले असे दिसते, पण सूक्ष्मदर्शकात रक्ताच्या लाल पेशी नसतात, कारण पट्टी मायोग्लोबिनलाही रक्तच समजते. असा रिपोर्ट हाती आला तर डॉक्टरांना अदबीने विचारावे, “साहेब, सीपीके करून घ्यायचे काय?” सीपीके हे स्नायूतून गळणारे द्रव्य. त्याचा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. तो पाचपट, म्हणजे हजाराच्या वर गेला की शंका घेतात, आणि पाच हजारांच्या पुढे मूत्रपिंडाची काळजी वाढते. उपचारात मुख्य गोष्ट भरपूर सलाईन, लघवीचे माप आणि पोटॅशियमवर नजर. काहींना थोडे दिवस डायलिसिस लागते. वेळेत पोचलेल्या बहुतेकांचे मूत्रपिंड काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागते, ही यातली दिलाशाची बाब.

वाटेत काय द्यावे? साधे पाणी. नारळपाणी आपण मायेने पाजतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. या एका आजारात ते पाजू नये. आणि दुखण्याची गोळी देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या अंगातले पाणी आटलेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, म्हणजे बुडत्याला दगड बांधल्यासारखे होते. ऊसतोडीच्या फडावर तर ही रोजचीच गोष्ट. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून नवरा-बायको दोघेही गोळी घेऊन उन्हात कोयता चालवतात, आणि पाणी कमी पितात. बाईमाणूस तर लघवीला आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पिते. याला नुसता आरोग्याचा सल्ला पुरणार नाही हे मला कळते. तरी एवढे सांगतो की अंग दुखत असताना लघवी गडद झाली तर त्या दिवशी कोयता खाली ठेवावा. मुकादमाला कागद दाखवावा लागत असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद घ्यावा.

शाळेतल्या शिक्षेबद्दलही येथेच लिहितो. उठाबशा काढायला लावणे ही ‘सौम्य’ शिक्षा समजली जाते. उठाबशी म्हणजे बैठकच, आणि सवय नसलेल्या पोराला शंभर-दोनशे काढायला लावल्यावर हाच आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे. पोर शाळेतून आले, जिना चढेना, लघवी लाल-काळी झाली, तर दवाखान्यात जाताना शाळेतील उठाबशांची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुले ती घरी सांगत नाहीत, लाजतात. आपणच विचारावे.

आता माउलीच्या पत्रातील सिकलसेल. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा रक्तदोष बराच आढळतो, हे आता कुणापासून लपलेले नाही. आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. वाहक हा आजारी माणूस नव्हे. त्याचे रोजचे आयुष्य चारचौघांसारखेच असते आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. पण फार कडक श्रम, ऊन आणि अंगात पाणी कमी, असे तिन्ही जमून आले की स्नायूतल्या प्राणवायू कमी पडलेल्या रक्तात काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि स्नायूला रक्त न मिळाल्याने तो लवकर फुटतो.

याचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहक सैनिकांना श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट दिसला. पण त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण मात्र वाढलेले आढळले नाही. त्या सैन्यात पाणी पिणे, विश्रांती आणि उन्हातील श्रम यांचे नियम सगळ्यांनाच लागू आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणजे धोका खरा, पण सांभाळता येणारा. म्हणून माउली, आपल्या मुलाने भरतीचा नाद सोडण्याचे कारण मला दिसत नाही. सीपीके पूर्ववत होईपर्यंत आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याने धावू नये. मग आधी चालणे, नंतर हलके धावणे, आणि दर आठवड्याला थोडीच वाढ, असे पहिल्यापासून सुरू करावे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर पटांगणावर राहूच नये. ताप, जुलाब, रात्रीचे जागरण असेल त्या दिवशी व्यायाम बंद. आणि धावताना मांड्या-पोटऱ्या अचानक जड पडल्या, पायातले बळच गेले, तर पैज असो की परीक्षा, तिथेच थांबावे आणि सोबत्यांना सांगावे. अशा वेळी “अजून थोडे, अजून थोडे” म्हणून ओरडणारा मित्र वैऱ्याचे काम करतो. पुन्हा असाच प्रकार झाला तर स्नायूंचा एखादा आनुवंशिक दोष आहे काय, हेही तपासून घ्यावे लागते.

त्याच्या भावंडांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती होते. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. लग्न जमवताना दोन्हीकडे ‘एएस’ असेल तर प्रत्येक बाळंतपणात ‘एसएस’ मूल होण्याची शक्यता चारात एक असते. त्यावर सविस्तर लिहायला हवे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

भरतीच्या इतर उमेदवारांसाठीही दोन शब्द. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीवेळी काही उमेदवार दगावले होते. पुढे ते अंतर कमी करण्यात आले. आता पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर असते. अंतर कमी झाले तरी जाहिरात निघाल्यावर महिन्याभरात तयारी उरकण्याची घाई काही कमी झालेली नाही. धावणे वर्षभर थोडे थोडे चालू ठेवावे, जाहिरातीची वाट पाहू नये.

स्नायू फुटायला व्यायामच लागतो असेही नाही. या आजाराची वैद्यकशास्त्राला खरी ओळख पटली ती बॉम्बहल्ल्यांतून. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून काढलेली काही माणसे सुरुवातीला बरी दिसत, बोलत, आणि मग लघवी बंद होऊन आठवड्याभरात मरत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या दोघांनी १९४१ साली अशा चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पाय दाबला गेलेला असताना विष त्या पायातच अडकून राहते. वजन उचलले, रक्त वाहू लागले, की ते एकदम सगळ्या शरीरात उतरते. तुर्कस्तानात ऑगस्ट १९९९ मध्ये झालेल्या भूकंपानंतर ६३९ जणांच्या मूत्रपिंडाला त्रास झाल्याची नोंद आहे, आणि त्यांपैकी ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. दगडमातीच्या भिंतींखालून माणसे उपसायला कोण कुठून धावले होते! आजही पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या झोपड्यांवर भिंती कोसळतात आणि पहिले हात शेजाऱ्यांचेच लागतात. तोंड-छाती मोकळी करून श्वास चालू करणे हे पहिले काम, त्यात क्षणाचाही उशीर नको. पण हात किंवा पाय तासाहून अधिक वेळ जड वजनाखाली दबलेला असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि शक्य असेल तेथे वजन उचलण्याआधीच सलाईन सुरू करून घ्यावे. दुसरी भिंत पडण्याचे भय असेल तर अर्थातच थांबता येत नाही, आधी माणूस काढावा. मात्र काढलेला माणूस चालतो-बोलतो म्हणून घरी ठेवू नये. किती वेळ दबला होता, हे डॉक्टरांना सांगावे.

दबण्याचा एक घरगुती प्रकार हाडवैद्याच्या दारात घडतो. पोर झाडावरून पडते, कोपराजवळ हाड मोडते, बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला जातो. आत सूज वाढत असते, बाहेरून पट्टी सैल होत नाही, रक्त पोचत नाही. रक्तावाचून चार-सहा तासांत स्नायू मरू लागतो आणि पुढे आयुष्यभर बोटे आत वळलेली राहतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली याचे वर्णन केले, म्हणून त्या वाकड्या हाताला त्यांचेच नाव आहे. दवाखान्यातले प्लॅस्टर घट्ट बसले तरी हेच होते, तेव्हा दोष एकट्या हाडवैद्याचा नाही. ओळखायचे कसे? पोर वाजवीपेक्षा जास्त रडते, गोळीने थांबत नाही. बोटे हळूच सरळ केली की किंचाळते. बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात, पांढरी पडतात. रात्रीचे दोन वाजलेले असोत, पट्टी सैल करावी आणि रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत थांबलात तर हात जातो.

मुका मार आणि स्नायू तुटणे यावरही पुष्कळ विचारणा होते. कबड्डीत मांडीमागे ‘कट’ असा आवाज येऊन कळ आली, तर पहिले दोन दिवस शेकू नये आणि चोळू तर मुळीच नये. कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर ठेवावा. आपल्याकडे तेल लावून पैलवानाकडून रगडून घेण्याची हौस आहे. मांडीला जबर मुका मार लागून आत रक्त साकळले असताना असे रगडले तर स्नायूच्या आत चक्क हाड तयार होऊ शकते! तीन ते पाच दिवसांच्या विश्रांतीनंतर मात्र पाय हलवायला सुरुवात करावी. हलक्या हालचालीने नवे धागे ओढीच्या दिशेने सरळ बसतात. महिनाभर खाटेवर पडून राहिले तर व्रण वाढतो आणि बाकीचा स्नायूही झिजतो. थोडे धागे तुटले असतील तर दोन-तीन आठवडे लागतात, बरेच तुटले तर दीड महिना किंवा अधिक, आणि स्नायू पुरता तुटून खड्डा पडला असेल तर शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवावे.

रक्तातील चरबी कमी करण्याच्या ‘स्टॅटिन’ जातीच्या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, ती बदलता येते. दारूनेही स्नायू फुटतात, विशेषतः पिऊन एकाच कुशीवर रात्रभर पडलेल्या माणसाचे. त्यावर अधिक लिहीत नाही.

स्नायू भरून यायला प्रथिने आणि झोप लागते. डब्यातली महागडी पावडर लागत नाही. ती विकणारे तरुण पोरांच्या खिशावर टपलेले असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असते, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, शंभर ग्रॅम सुक्या हरभऱ्यात वीसच्या आसपास, सोयाबीनमध्ये त्याहून बरेच जास्त. रोजची गरज साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास, आणि कसून व्यायाम करणाऱ्याला दीड ग्रॅमपर्यंत. वरण, उसळ, दोन अंडी, मूठभर भिजवलेले चणे, जमेल तेव्हा मासळी किंवा सुकट, एवढ्यात ती बसते. घरात मटण-अंडे आले तर ते आधी पुरुषांच्या ताटात जाते, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. भरतीला मुलगीही धावते, आणि धुणीभांडी करणाऱ्या आईचे स्नायूही रोज फाटत-सांधत असतात.

राहिले म्हातारे. “आता आमचे काय भरून यायचे?” असे ते म्हणतात. अमेरिकेत बोस्टनला १९९० साली एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी आठ आठवडे मांडीने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपल्या घरच्या आजीला वजने नकोत. भिंतीला टेकवलेल्या घट्ट खुर्चीवर तिने बसावे, हात छातीशी घ्यावेत आणि उठून उभे राहावे. जमत नसेल तर सुरुवातीला खुर्चीला हात टेकावा. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी, एक दिवसाआड, आणि दर आठवड्याला एकेक वाढवत न्यावे. खाली बसताना सावकाश बसावे, धपकन नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्या थोड्या दुखतील, त्याला घाबरून सोडू नये. छातीत दुखते, चक्कर येते, गुडघा सुजलेला आहे अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे.